मुक्त सॉफ्टवेअरचे वापरकर्ता गट आणि जिल्ह्याच्या गावचे स्वयंसेवक

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला आज्ञांचा मजकूर, कोणालाही वाचता येते, गरजेप्रमाणे बदलता येते आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देता येते, त्याला मुक्त स्रोत किंवा नेहमीच्या बोलण्यात ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणतात. लिनक्स ही संगणकप्रणाली, लिबरऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच आणि फायरफॉक्स हा ब्राउझर ही त्याची परिचित उदाहरणे होत. हे सॉफ्टवेअर बहुधा विनामूल्य मिळते, परंतु मिळालेले सॉफ्टवेअर सुरळीत चालेपर्यंत मध्ये बऱ्याच अडचणी येतात: प्रिंटर ओळखला जात नाही, मराठी टंकलेखनाचा कळफलक सापडत नाही, जुनी फाईल उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात, आणि अशा वेळी ज्याच्याकडे तक्रार घेऊन जावे असा विक्रेता नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी एका गावातले किंवा शहरातले वापरकर्ते ठरावीक काळाने एकत्र येतात, एकमेकांच्या अडचणी सोडवतात, नवख्यांना शिकवतात आणि जमेल तेव्हा मूळ सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची भर घालतात. अशा मंडळींच्या संघटनेला वापरकर्ता गट म्हणतात. गटात पगारी माणूस नसल्यामुळे त्याचे सारे काम नोकरी, अभ्यास किंवा धंदा सांभाळून उरलेल्या वेळावर चालते, आणि हा उरलेला वेळ कसा जुळवावा हाच गट चालवण्याचा मुख्य प्रश्न असतो.

भारतात या गटांचा उगम इंटरनेट दुर्मीळ असण्याच्या काळात झाला, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा जाहीर केला, तरी ही प्रणाली भारतातल्या सामान्य वापरकर्त्याच्या हाती पोचण्यास काही वर्षे जावी लागली. १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट या इंग्रजी मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली. या उपक्रमामागे ज्यांचा पुढाकार होता ते अतुल चिटणीस हे बेळगावात शिकलेले आणि बंगळूरमध्ये स्थिरावलेले तंत्रज्ञ होते. सीडी मिळाली, पण ती संगणकात बसवायची कशी हे सांगणारे कोणी नव्हते, म्हणून ज्यांनी ती बसवून पाहिली त्यांच्याभोवती शहरोशहरी लहान मंडळे जमली. पुढे उबुंटू या लिनक्स-वितरणाने, म्हणजे बसवण्यास तयार अशा लिनक्सच्या संचाने, मागणी करणाऱ्याच्या पत्त्यावर टपालाने फुकट सीडी पाठवण्याची योजना चालवली आणि ती २०११ मध्ये बंद केली. तोपर्यंत डाऊनलोडचा वेग वाढला होता आणि सीडीची गरज संपली होती; बसवून देणाऱ्या माणसाची गरज मात्र तशीच राहिली.

महाराष्ट्रात या चळवळीची केंद्रे स्वाभाविकपणे मुंबई आणि पुणे येथे तयार झाली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जी. नागार्जुन यांच्या प्रयोगशाळेने मुक्त सॉफ्टवेअर आणि शालेय शिक्षण यांची सांगड घातली. पुण्यात पुणे लिनक्स युजर्स ग्रुप, म्हणजे ‘प्लग’, हा गट मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक महाविद्यालयात महिन्याच्या पहिल्या शनिवारी जमू लागला, आणि त्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी गटाच्या साहाय्याने ‘ग्नूनिफाय’ हे वार्षिक संमेलन वर्षानुवर्षे भरवले. या व्यवस्थेतली कामाची विभागणी सुज्ञपणाची होती. गटातल्या नोकरदार जाणकारांनी व्याख्याने द्यावीत आणि कार्यशाळा घ्याव्यात. दालने, नोंदणी, भोजन, वीज आणि जाळे यांची जबाबदारी विद्यार्थ्यांनी उचलावी. जागा महाविद्यालयाने द्यावी. विद्यार्थ्यांची तुकडी दर दोन-तीन वर्षांनी बदलत असली, तरी सभेचा वार आणि जागा ठरलेली असल्यामुळे नव्या तुकडीला काम पहिल्यापासून शिकावे लागत नसे. ‘महिन्याचा पहिला शनिवार’ या साध्या नियमाचे मोल पुष्कळ आहे, कारण प्रत्येक वेळी सर्वांच्या सोयीची तारीख शोधू पाहणारा गट सहसा तिसऱ्या-चौथ्या बैठकीपलीकडे जात नाही.

पुण्या-मुंबईचा हा नमुना जसाच्या तसा विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात आणता येत नाही, आणि त्याची कारणे भूगोलात व स्थलांतरात आहेत. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर आहे, तालुके सोळा आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांच्या घरात होती. पूर्वेकडचे वणी आणि दक्षिणेकडचे उमरखेड ही दोन्ही गावे जिल्ह्याच्या ठिकाणापासून रस्त्याने शंभर किलोमीटरहून दूर आहेत. त्यामुळे वणीचा माणूस कामासाठी चंद्रपूर-नागपूरकडे, उमरखेड-पुसदचा नांदेडकडे आणि नेर-दारव्ह्याचा अमरावतीकडे सहज वळतो. यवतमाळची जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी संस्था आणि पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय यांतून दरवर्षी संगणकाचे पदवीधर बाहेर पडतात, पण त्यांच्यापैकी ज्यांना सॉफ्टवेअर क्षेत्रातली नोकरी मिळते ते पुणे, हैदराबाद किंवा नागपूरची वाट धरतात. शहरातल्या गटाला जाणकार माणूस पंधरा-वीस वर्षे लाभू शकतो. जिल्ह्याच्या गावच्या गटाला तो शिकत असेतोवर, म्हणजे फार तर तीन वर्षे लाभतो. म्हणून येथे स्वयंसेवकांची उणीव हा खरा प्रश्न नाही. उत्साही विद्यार्थी दरवर्षी मिळतात, परंतु ते जाताना आपल्याबरोबर सगळी माहितीही घेऊन जातात, आणि त्यामुळे अशा गटाची रचना सदस्यांच्या जाण्याचा हिशेब आधी धरून करावी लागते.

स्वयंसेवी कामाची परंपरा यवतमाळला नवी नाही. येथील सार्वजनिक दुर्गोत्सव विदर्भभर प्रसिद्ध आहे आणि त्यामागे मंडळांच्या कार्यकर्त्यांची मोठी फळी दरवर्षी उभी राहते. मात्र मंडळाचे काम आणि वापरकर्ता गटाचे काम यांत एक मूलभूत फरक आहे. मंडळाला पंचांगाने तारीख ठरवून दिलेली असते, काम डोळ्यांना दिसते, आणि काय करायचे हे लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे ते कोणी लिहून ठेवले नाही तरी चालते. वापरकर्ता गटाच्या कामाला अशी बाहेरून आलेली तारीख नसते, त्यातले निम्मे काम पडद्याआड होते, आणि नवख्याने ते पूर्वी कधीच पाहिलेले नसते. त्यामुळे मंडळाच्या पद्धतीने ‘सगळे मिळून करू’ असे म्हणून सुरू झालेल्या गटात प्रत्यक्षात दोन-तीन जणच राबतात आणि बाकीचे आपल्याला काय करता येईल या विचारात शेवटच्या रांगेत बसून राहतात. काम मागायला आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी काम न मिळणे हे गट क्षीण होण्याचे सर्वांत सामान्य कारण असावे; लोकांना आस्था नसते ही चालकांची तक्रार बऱ्याचदा या चुकीवर पांघरूण घालते.

याचे उत्तर कामाचे लहान, स्पष्ट आणि संपणारे तुकडे पाडणे हे आहे. ‘प्रसिद्धीचे पाहा’ ही जबाबदारी झाली, तिला अंत नाही. ‘गुरुवारपर्यंत तीन महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर पत्रक लावून त्याचे छायाचित्र पाठवा’ हे काम झाले, ते कोणालाही देता येते आणि झाले की नाही ते कळते. अशा कामांची यादी सर्वांना दिसेल अशा एका ठिकाणी असावी, प्रत्येकापुढे ते घेणाऱ्याचे नाव व मुदत असावी, आणि मुदत चुकली तर ते निमूटपणे दुसऱ्याकडे जावे. सॉफ्टवेअर प्रकल्पांत या पद्धतीला तिकीट-व्यवस्था म्हणतात. सोय मोठी असली तरी व्हॉट्सॲपचा समूह ही जागा घेऊ शकत नाही, कारण त्यात शुभेच्छांच्या ओघाखाली ठराव गडप होतो आणि सहा महिन्यांनी आलेल्या सदस्याला मागचे काहीच सापडत नाही.

माणसे वाढवली की काम हलके होते या समजुतीलाही मर्यादा आहे. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात दाखवून दिले की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात नवी माणसे घातली तर तो आणखी लांबतो, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि परस्पर संपर्काच्या वाटा फार वेगाने वाढतात. पाच जणांत अशा जोड्या दहा होतात, दहा जणांत पंचेचाळीस. पन्नास जणांच्या गटातही एका कामावर तीन-चारच माणसे असावीत आणि त्यांतल्या एकानेच इतरांशी बोलावे, ही व्यवस्था म्हणूनच उपयोगी पडते.

गटाच्या कामांपैकी सर्वांत गजबजलेले आणि संघटनेची परीक्षा पाहणारे काम म्हणजे इन्स्टॉल फेस्ट. लोक आपापले संगणक घेऊन येतात आणि स्वयंसेवक त्यांवर लिनक्स बसवून देतात, असे त्याचे स्वरूप असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपवला, आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था अनेक जुन्या यंत्रांत नसल्यामुळे शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्था आणि घरे यांतले पुष्कळ चालते संगणक सुरक्षा-सुधारणांना मुकले. अशा यंत्रांवर हलके लिनक्स-वितरण बसवणे हे सध्या जगभरच्या वापरकर्ता गटांचे मोठे काम झाले आहे आणि ते यवतमाळसारख्या जिल्ह्याला चपखल लागू पडते. पण त्यात चूक झाली तर एखाद्या शाळेची वर्षाची निकालपत्रके पुसली जाऊ शकतात. म्हणून संगणक टेबलावर येण्याआधी त्यातल्या फायलींची प्रत दुसरीकडे काढली आहे याची खातरजमा, काय केले जाणार आहे हे समजल्याची मालकाची लेखी संमती, आणि आवश्यक प्रोग्रॅम लिनक्सवर चालतो का याची विचारपूस, हे तीन टप्पे न चुकवता व्हावे लागतात. शासकीय कामाचा एखादा प्रोग्रॅम किंवा डिजिटल सहीचे यंत्र लिनक्सवर चालत नसेल, तर तो संगणक परत पाठवणे हाच प्रामाणिक सल्ला ठरतो. प्रचाराच्या भरात तो न देणारा स्वयंसेवक एका दिवसात एक संगणक जिंकतो आणि पुढच्या महिन्यात एक कार्यालय गमावतो.

अशा दिवसाची माणसे कामाच्या क्रमाने लावली तर गर्दी सांभाळता येते. दाराशी नोंद घेणारा संगणकाचा जाणकार असण्याची गरज नाही, स्वच्छ अक्षर आणि शांत स्वभाव पुरतो; प्रती काढण्याच्या टेबलावर काटेकोर माणूस हवा; प्रत्यक्ष बसवणारे दोन-दोनच्या जोडीने असावेत, म्हणजे जोडीतला नवखा पुढच्या वेळी जुना होतो; आणि सगळ्यांत अनुभवी माणसाला कोणतेच टेबल न देता मोकळे ठेवावे, कारण अडलेले यंत्र त्याच्याकडेच येणार असते. शेवटचे टेबल शिकवण्याचे असते आणि तेच बहुधा विसरले जाते. लिनक्स घेऊन घरी गेलेल्या माणसाला मराठी इनस्क्रिप्ट कळफलक कसा सुरू करायचा, मोबाइलमधली छायाचित्रे कशी घ्यायची आणि छपाई कशी करायची हे दाखवले नाही, तर तो आठवड्याभरात दुकानात जाऊन जुनी प्रणाली परत घालून घेतो. डीटीपी व्यावसायिकांची अडचण याहून खोल असते. त्यांचा वर्षानुवर्षांचा मजकूर युनिकोड येण्यापूर्वीच्या फाँटांत असतो, म्हणजे तो संगणकाच्या दृष्टीने मराठी नसून रोमन अक्षरांवर चढवलेली मराठी रूपे असतात. तो युनिकोडमध्ये बदलणे आणि बदलताना बिघडलेली जोडाक्षरे तपासणे हे एकट्या स्वयंसेवकाचे महिनाभराचे काम असू शकते. छपाई व्यवसायाच्या दृष्टीने मात्र गटाची एवढी एक मदत दहा व्याख्यानांहून मोलाची ठरते.

वेळापत्रक ठरवताना जिल्ह्याची लय पाहावी लागते. जूनमध्ये पेरणी सुरू झाली की ग्रामीण भागातले विद्यार्थी घरी लागतात, विद्यापीठाच्या हिवाळी व उन्हाळी परीक्षांच्या महिन्यांत कोणी फिरकत नाही, आणि मे महिन्यातल्या यवतमाळच्या उन्हात भर दुपारी कार्यक्रम ठेवणे हे रिकाम्या खुर्च्यांना आमंत्रण ठरते. सभा संपण्याची वेळ तालुक्याकडे जाणाऱ्या एसटीच्या परतीच्या गाड्या पाहून ठरवली, तर मुलींची उपस्थिती वाढते. शहरी गटांत सभेनंतरच्या चहाच्या टपरीवर जे निर्णय होतात, ते लवकर निघावे लागणाऱ्यांना कळतच नाहीत आणि अशा रीतीने सदस्यांचा एक मोठा भाग नकळत बाहेर राहतो.

ही अनौपचारिक सत्ता कशी निर्माण होते याचे विवेचन जो फ्रीमन या अमेरिकी लेखिकेने १९७० च्या दशकाच्या आरंभी स्त्रीमुक्ती चळवळीतल्या गटांच्या संदर्भात केले होते. ज्या गटात नियम नसतात तेथे सत्ता नाहीशी होत नाही, ती मैत्रीच्या जाळ्यात लपते आणि तिला कोणी जाब विचारू शकत नाही, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. ओपन सोर्सच्या जगात हा धोका दुहेरी आहे, कारण त्यात ‘काम करील त्याचे मत चालेल’ हे तत्त्व प्रतिष्ठित मानले जाते आणि ज्याला रिकामा वेळ अधिक त्याचे वजन आपोआप वाढते. डेबियन या लिनक्स-वितरणाने यावर वार्षिक निवडणुकीचा तोडगा काढला. त्याचा प्रकल्पप्रमुख विकासक मतदानाने एक वर्षासाठी निवडतात. वीस जणांच्या गटाला मतपेटीची आवश्यकता नसली, तरी संयोजक, हिशेबनीस आणि नोंदी ठेवणारा अशा तीन जागा आणि त्यांची एक शैक्षणिक वर्षाची मुदत लिहून ठेवणे त्याला सहज शक्य आहे. विद्यार्थ्यांच्या गटात अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला संयोजक करण्याचा मोह असतो. त्याऐवजी ती जागा आदल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दिली आणि अंतिम वर्षाचा त्याच्या मागे उभा राहिला, तर जाणारा आणि राहणारा यांना एक वर्ष एकत्र मिळते.

उघड्या कारभाराचे एक ठळक उदाहरण पुण्यातच घडले. फेडोरा या लिनक्स-वितरणाच्या वापरकर्त्यांची व विकासकांची परिषद, ‘फुडकॉन’, ४ ते ६ नोव्हेंबर २०११ या काळात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात भरली आणि जून २०१५ मध्ये ती पुन्हा पुण्याला आली. यजमानपद मिळवण्यासाठी इच्छुक शहरांनी जागा, खर्च आणि मनुष्यबळ यांचा प्रस्ताव सार्वजनिक विकीवर, म्हणजे अनेकांना संपादित करता येणाऱ्या पानांवर, मांडायचा. दूरच्या सहभागींनी प्रवासखर्चाची मागणी तिकीट-व्यवस्थेत नोंदवायची आणि बैठकीत तिच्यावर निर्णय व्हायचा, अशी फेडोराची रीत होती. तिचा खरा लाभ नंतरच्या संयोजकांना होतो: कामांची यादी, आलेल्या अडचणी आणि खर्चाचे अंदाज तयार मिळत असल्यामुळे पूर्वीच्या मंडळींना शोधत फिरावे लागत नाही. जिल्हास्तरीय गटाला एवढा व्याप नको, पण कार्यक्रम झाल्यावर आठवड्याच्या आत दोन पाने लिहायची, त्यात कोणती वायर कमी पडली इथपासून किती जण पुन्हा आले इथपर्यंत सगळे मांडायचे, हा नियम त्याच जातीचा आहे.

मराठीकरणाचे काम या दृष्टीने विशेष बोधप्रद ठरते. सॉफ्टवेअरमधल्या सूचना, बटणे आणि संदेश यांचे भाषांतर करणाऱ्या संघात साधारणपणे भाषांतर करणारा, तपासणारा आणि अंतिम मंजुरी देणारा समन्वयक अशा तीन पायऱ्या असतात. लिनक्सवरील ग्नोम या पडदा-व्यवस्थेची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते आणि प्रत्येक वेळी नवी वाक्ये येतात. ती कोणी भाषांतरित केली नाहीत तर मराठी पडद्यावर इंग्रजी वाक्ये मधूनमधून डोकावू लागतात. पुण्यात लिनक्सच्या मोठ्या कंपन्यांची कार्यालये असल्यामुळे एका काळात मराठीच्या या कामाला पगारी मनुष्यबळाचा आधार होता, आणि तो सर्वकाळ तसाच राहील असे कोणत्याही भाषेला गृहीत धरता येत नाही. घरबसल्या, तुकड्यातुकड्याने आणि मोबाइलवरही करता येणारे हे काम वणी, उमरखेड किंवा झरी-जामणीच्या सदस्याला यवतमाळला न येता गटाशी बांधून ठेवते. समन्वयकाची जागा मात्र अडण्याची जागा आहे. तो गप्प झाला की दहा जणांचे भाषांतर मंजुरीवाचून पडून राहते, म्हणून मंजुरीचा अधिकार कमीत कमी दोघांकडे असावा लागतो.

याच वाटेने जिल्ह्याच्या इतर भाषाही येतात. यवतमाळमध्ये मराठीबरोबर बंजारा समाजाची गोरमाटी, गोंडी, आणि विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडणाऱ्या कोलाम समाजाची कोलामी बोलली जाते. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या उपक्रमात लोक स्वतःच्या आवाजात वाक्ये वाचून देतात आणि त्या ध्वनिमुद्रणांतून बोलणे ओळखणारी मुक्त साधने घडवता येतात. मराठी त्यात आहे. लहान भाषांसाठी अशी कामे करायची तर मुद्रण करण्यापूर्वी त्या समाजातल्या जाणत्यांशी बोलणे आणि दिलेला आवाज पुढे कोणालाही वापरता येईल हे स्पष्ट सांगणे आवश्यक असते, आणि ते सांगण्यासाठी त्या भाषेचा सदस्य गटात असावा लागतो. नकाशा किंवा भाषा बाहेरून येऊन ‘गोळा’ करण्याची शहरी सवय येथे उपयोगाची नाही. ओपनस्ट्रीटमॅप या २००४ मध्ये सुरू झालेल्या मुक्त नकाशातही कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे, पाणवठे आणि पांदणरस्ते भरण्याचे काम तेथे राहणाऱ्या विद्यार्थ्याइतके चांगले दुसरा कोणी करू शकत नाही.

ग्रामीण भागात मुक्त सॉफ्टवेअर नेण्याचा महाराष्ट्रातला गाजलेला प्रयोग रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या खैराट येथे २००७ मध्ये झाला. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाची भारतातली ही पहिली शाळा, आणि त्या लॅपटॉपांवर लिनक्सच चालत असे. अशा प्रयोगांत यंत्रे देणे हा भाग तुलनेने सोपा असतो. चार्जर बिघडला, बॅटरी संपली किंवा शिक्षकाची बदली झाली की काय करायचे, हा अवघड असतो. म्हणून एखाद्या शाळेत संगणक बसवून देणाऱ्या गटाने पहिल्याच दिवशी वर्षभरातल्या चार भेटींच्या तारखा शाळेशी ठरवाव्यात, आणि तेवढे मनुष्यबळ नसेल तर शाळांची संख्या कमी करावी.

जेथे जाणकार माणूसच उपलब्ध नाही, अशा तालुक्यासाठी मुंबईच्या आयआयटीतून सुरू झालेला स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प एक वेगळी वाट दाखवतो. त्यात लिनक्स, लिबरऑफिस आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषा शिकवणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ आहेत, त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळते, आणि विद्यार्थी एका बाजूला पाठ चालवून दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करून पाहतो. शिबिर भरवणाऱ्या संयोजकाला विषय यावा लागत नाही. संगणक-कक्ष उघडणे, पाठ उतरवून ठेवणे, हजेरी आणि चाचणी एवढे त्याने पाहायचे. मारेगाव किंवा घाटंजीसारख्या ठिकाणी याच संयोजकाकडे गटाचा तालुका-प्रतिनिधी म्हणून पाहता येते, आणि महिन्यातून एकदा यवतमाळच्या सदस्याने दूरध्वनीवर किंवा प्रत्यक्ष शंका सोडवल्या तर त्याला एकटेपणा वाटत नाही. एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाच्या केंद्रांनी तालुक्या-तालुक्यांत संगणक-कक्ष आणि शिकवणारे तयार करून ठेवले आहेत. त्यांना प्रतिस्पर्धी न मानता सुट्टीच्या दिवशी त्यांची जागा मागितली, तर दोन्ही पक्षांचे साधते.

पैशांबाबत फार लिहिण्यासारखे नाही, कारण अशा गटाला पैसा थोडाच लागतो: महाविद्यालयाचे सभागृह, काही पेनड्राइव्ह, चहा आणि पत्रके. तरीही एका सदस्याच्या खात्यावर यूपीआयने वर्गणी गोळा होऊ लागली की त्याच महिन्यापासून जमाखर्च सर्वांना दिसला पाहिजे. संस्था नोंदवावी का, हा प्रश्न उत्साहाच्या भरात लवकर येतो. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्यांनी संस्था नोंदवता येते आणि तिला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचेही नियम लागू होतात; मग कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल-अर्ज, आणि दरवर्षी तपासलेले हिशेब सादर करणे ओघाने येते. ज्या गटाची कार्यकारिणी दर जूनमध्ये बदलणार आहे त्याने हे ओझे घेऊ नये. महाविद्यालयाचा विद्यार्थी मंच किंवा एखादे सार्वजनिक वाचनालय यांच्या छत्राखाली काम करणे त्याला अधिक परवडते. मोठे अनुदान किंवा स्वतःची जागा मिळण्याची वेळ आली की नोंदणीचा विचार करता येईल.

पुण्या-हैदराबादला गेलेल्या जुन्या सदस्यांना गट मुकला असे मानण्याचे कारण नाही, परंतु त्यांच्याकडून काय घ्यावे हे ठरवलेले हवे. त्यांना संयोजनात ठेवले तर निर्णय यवतमाळबाहेर होऊ लागतात आणि स्थानिकांची मते मागे पडतात. याउलट भाषांतर तपासणे, अडलेल्या स्वयंसेवकाला रात्री तासभर दुरून मदत करणे, दिवाळीला किंवा पोळ्याला गावी आल्यावर एखादी कार्यशाळा घेणे, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आपल्या प्रकल्पात पहिला दोष दुरुस्त करायला लावणे ही कामे त्यांनाच चांगली जमतात. जाणाऱ्याकडून निघण्यापूर्वी घेण्याच्या गोष्टींची यादी त्याहून महत्त्वाची: संकेतस्थळाच्या नावाच्या नूतनीकरणाची तारीख आणि ते ज्या खात्यात आहे त्याची सूत्रे, समूहांचे प्रशासक-हक्क, सभागृह देणाऱ्या प्राध्यापकांशी नव्या संयोजकाची प्रत्यक्ष ओळख, उसन्या घेतलेल्या हार्डडिस्कची नोंद, आणि ज्या शाळांना भेटीचा शब्द दिला आहे त्यांची नावे. परीक्षा संपून वसतिगृह रिकामे होण्याच्या आधी, बहुधा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, या एकाच कामासाठी एक स्वतंत्र बैठक ठेवावी आणि तिच्यात दुसरा कोणताही विषय घेऊ नये.